यिपबाई थँक यू म्हणाल्या

तो क्वा वान, कौलून
सोमवार, २८ ऑक्टोबर

मंगळवार, दिनांक २२ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. ॲग्नेसताई, ही वेळ सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण पुढे ख्यालीखुशाली विचारण्याच्या भरात ती मागे पडेल आणि मला ती मागे पडू द्यायची नाही. त्या वेळी, चर्चच्या मागच्या ज्येष्ठांच्या केंद्रात, पहिल्या मजल्यावर, अख्ख्या वर्गादेखत माझ्यावर अन्याय झाला. तो कोणी केला, कसा केला आणि त्यात तुमच्या कॅनडाचा हात किती, हे खाली सविस्तर येईल.

आता रीतीप्रमाणे. वडीलधाऱ्या ताईला धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजून ते स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून आकडा अंदाजाने सांगतात? मी पाठवलेली संत्र्याची वाळवलेली साल पोचली असेल. ती चहात टाकायची नाही, मांसात टाकायची, हे तुझ्या सुनेला सांग (मागच्या वेळी तिने फुलदाणीत ठेवली होती). टोरांटोत थंडी सुरू झाली असेल. इथे ऑक्टोबर संपत आला तरी माझा पंखा चालू आहे. मी बरी आहे. निदान मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत बरी होते. हे पत्र इंग्रजीत लिहिणार होते, तुला आवडलं असतं. पण राग इंग्रजीत आला की मी फार सभ्य होते, म्हणून आपल्याच भाषेत लिहिते.

मी या वयात इंग्रजीच्या वर्गात काय करते, असं तू विचारशील. जहाज कंपनीत मी आयुष्यभर साहेबांची पत्रं टाइप केली आणि एकामागून एक आलेल्या तीन गोऱ्या साहेबांचं इंग्रजी न सांगता दुरुस्त केलं, हे तुला माहीत आहे. केंद्रातल्या लोकांनाही माहीत आहे, कारण मी ते दर महिन्याला कोणालातरी सांगते. पण केंद्रात दोनच वर्ग, सुरुवातीचा आणि पुढचा. पुढच्या वर्गात नाव घालणारी मी एकटीच निघाले, आणि एका बाईसाठी मास्तर लावायला त्यांच्याकडे माणूस नाही. म्हणून मी सुरुवातीच्या वर्गात बसते. तिथे एअरकंडिशन चांगला आहे. शिवाय आमच्या इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या यिपबाईंना एकटीने जायचा संकोच वाटत होता. (यिपबाई तुला आठवत असतील. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा त्यांनी तुला कमळकाकडीचं सूप पाजलं होतं, आणि तू 'आमच्या फिलोमिनाला असं जमत नाही' म्हणाली होतीस. ते रीतीला धरूनच होतं, मला मुळीच लागलं नव्हतं.) बाई भल्या आहेत. बत्तीस वर्षं दुकानात अत्तरं विकली, त्यामुळे बोलताना समोरच्याचं मनगट धरतात. त्यांच्या इंग्रजीत भूतकाळच नाही. यिपसाहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण इंग्रजीत ते अजून रोज मासे खातात आणि बायकोला टीव्हीचा आवाज कमी कर म्हणतात.

मास्तर म्हणजे केल्विन. वय सव्वीस, आईबापांनी तिसऱ्या वर्षी उचलून टोरांटोला नेलेला, आता एका वर्षासाठी 'मुळं शोधायला' परत आलेला. चेहरा आपल्यासारखाच, म्हणून सुरुवातीला मी फसले. पायात पळायचे बूट. वर्गात पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं की इथे चुकीचं उत्तर असं काही नसतंच. ताई, तू आणि मी सिस्टर कोलंबांच्या हाताखाली शिकलो. तिथे बरोबर उत्तर असं काही नसायचं. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं.

या केल्विनने आदल्या मंगळवारी आम्हाला शिकवलं की इंग्रजीत कोणी आपली स्तुती केली तर थँक यू म्हणायचं आणि गप्प बसायचं. नाही म्हणायचं नाही, हात हलवायचे नाहीत, स्तुती करणाऱ्याची उलट स्तुती करायची नाही. अख्खा तास त्याने एकेकाची स्तुती केली आणि आम्ही दातओठ खात थँक यू म्हणालो. म्हातारे क्वान, फेरीबोटीच्या इंजिनखोलीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना तो तुमचा शर्ट छान आहे म्हणाला, तर क्वान इतके अवघडले की घरी जाऊन त्यांनी तो शर्ट फरशी पुसायला काढला. आपल्याकडे लहान मूलसुद्धा जाणतं की स्तुती ही पाहुण्यापुढे ठेवलेल्या शेवटच्या वडीसारखी असते. ती पुढे करायची असते आणि पलीकडच्याने ती मागे सारायची असते. दोघांचा मान राहतो आणि वडी बशीतच राहते. पण केल्विनला हे कोण सांगणार?

आता २२ तारखेकडे येते. त्या दिवशी केल्विनने फळ्यावर 'बेटर दॅन' असे दोन शब्द लिहिले आणि म्हणाला, प्रत्येकाने हे वापरून एक वाक्य करा, तुमच्याबद्दल आणि शेजारी बसलेल्या माणसाबद्दल. त्याची कल्पना अशी असणार की आम्ही म्हणू, मी हिच्यापेक्षा चांगलं पोहते, मी त्याच्यापेक्षा चांगला नाचतो. टोरांटोत लोक असंच बोलत असतील. इथे काय झालं ते ऐक. पहिलीच बाई म्हणाली, हिची सून माझ्या सुनेपेक्षा चांगली आहे. (हे मात्र खरं आहे, यात सभ्यतेचा भाग नाही.) शेजारची लगेच हात झाडत म्हणाली, छे, कुठलं काय, तिचीच सून चांगली, आमची नुसती झोपते. पुढची म्हणाली, हिचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत. मग एकाने शेजाऱ्याचं पेन्शन, एकाने शेजाऱ्याचे केस, एकीने शेजारणीची पेज. क्वान उभे राहिले आणि म्हणाले, शेजाऱ्याचा कुत्रा माझ्या मुलापेक्षा चांगला आहे. सगळ्यांनी मान डोलावली. वाक्य बिनचूक होतं, आणि मुलाबद्दल बापाने याहून जास्त बोलायचं नसतं. (त्यांचा मुलगा हाडांचा डॉक्टर आहे. क्वान त्याचं कार्ड खिशात घेऊन फिरतात आणि बसमधल्या अनोळखी माणसांना देतात.)

केल्विनचा चेहरा हळूहळू उतरत गेला. क्वानांच्या कुत्र्यानंतर तो बाहेर गेला आणि केंद्रातल्या समाजसेविकेला घेऊन आला. त्याचा समज झाला होता की या इमारतीत वीस म्हातारी माणसं एकाच वेळी खचलेली आहेत. तिने हसऱ्या सूर्याचं चित्र असलेली पत्रकं वाटली, स्वतःवर प्रेम कसं करावं याची. टेबलावर कागदी रुमालांचा डबाही ठेवला. क्वानांनी त्यातले चार घेऊन खिशात घातले. समाजसेविका इथलीच मुलगी, तिला सगळं कळत होतं. ती एक अक्षर बोलली नाही, नुसती ओठ चावत उभी राहिली. तिचं मी स्वतंत्र पत्रात बघेन.

अशा वातावरणात माझी पाळी आली. शेजारी यिपबाई. मी उभी राहिले आणि सिस्टर कोलंबांनी शिकवलेल्या खणखणीत उच्चारात, एकेक शब्द सुटा ठेवून म्हणाले, मिसेस यिप यांचं इंग्रजी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं आहे. यात काय चुकलं ते सांग. त्या वर्गात एक तरी माणूस असा होता का, ज्याला हे खरं वाटलं असतं? हे वाक्य म्हणजे वडी होती. मी ती पुढे केली आणि बसले, आणि यिपबाई ती मागे सारतील म्हणून थांबले. त्यांनी नुसतं 'छे, कुठलं काय' म्हणायचं होतं. या बाईने आमच्या ओळखीत ते हजारदा म्हटलं असेल. घड्याळात दहा चाळीस झाले होते. यिपबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग केल्विनकडे, मग फळ्याकडे. आणि म्हणाल्या, थँक यू.

 केल्विनने टाळ्या वाजवल्या.

इथवर फक्त अपमान होता. अपमान मी सोसला असता, तीन साहेब सोसले तसा. पण तुला अजून मुख्य गोष्ट सांगितलेली नाही, आणि ती तुला माझ्याकडून कळावी असं मला वाटतं. सिस्टर कोलंबा येत आहेत. वय एक्क्याण्णव, आयर्लंडहून, शेवटचं म्हणून, सगळ्यांचा निरोप घ्यायला. रविवारी, २४ नोव्हेंबरला दुपारी त्या आमच्या केंद्रात चहाला येणार. त्यांचं स्वागत वर्गातल्या एकाने उभं राहून इंग्रजीत करायचं, असं सप्टेंबरातच ठरलं. हे जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रीतीप्रमाणे मान खाली घातली आणि माझ्याहून लायक कोणी बघा म्हणाले. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मी भाषण रचायलाही घेतलं होतं, आणि अंघोळ करताना मोठ्याने म्हणूनही बघत होते.

मला ते भाषण का करायचं होतं, हे तुला लिहिताना जड जातं, पण लिहिते. सिस्टरनी मला सहा वर्षं शिकवलं आणि त्या सहा वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. त्या मला ॲग्नेसची बहीण म्हणायच्या. निबंधाची वही परत देताना, ॲग्नेसचा यापेक्षा चांगला होता. पाठांतर झालं की, ॲग्नेसचं यापेक्षा चांगलं होतं. तुझा दोष नाही. तू तेव्हा दोन वर्ग पुढे होतीस आणि तुला पत्ताही नव्हता. पण 'बेटर दॅन' हे दोन शब्द मला कोणा केल्विनने फळ्यावर लिहून शिकवायची गरज नव्हती. मला एकदा त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. तू समुद्रापलीकडे, मी इथे, हातात कागद नाही, आणि त्यांनी शेवटी विचारायचं, हिचं नाव काय.

तर केल्विन टाळ्या वाजवून थांबला नाही. म्हणाला, स्वागताला कोण हा प्रश्न आता सुटला. फिलोमिनाने स्वतः सांगितलं की मिसेस यिप यांचं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं आहे, असं मोकळ्या मनाने सांगायला मोठेपणा लागतो. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मला पण वाजवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. तो केंद्राच्या पायऱ्यांवर बसून कागदातून काहीतरी खात होता. मी त्याला शांतपणे समजावलं की कालचं वाक्य हे वाक्य नव्हतं, तो शिष्टाचार होता.

"म्हणजे तुम्हाला तसं वाटत नाही?" त्याने विचारलं.

"कोणालाच वाटत नाही."

"मग तुम्ही खोटं बोललात?"

"मी सभ्यपणे बोलले."

"पण ते खरं नव्हतं."

"सभ्यपणाला खऱ्याखोट्याशी काय करायचंय?" मी म्हणाले. त्याने उरलेलं खाणं कागदात गुंडाळलं. मग म्हणाला, ठीक आहे, मिस लाउ, गैरसमज झाला असेल तर सोपं आहे. पुढच्या मंगळवारी वर्गात उभ्या राहून सांगा की माझं इंग्रजी मिसेस यिप यांच्यापेक्षा चांगलं आहे. मी लगेच बदल करतो.

सोपं. मी, लाउ घराण्यातली मुलगी, चारचौघांत उभी राहून सांगू की मी हिच्यापेक्षा चांगली आहे? त्यापेक्षा मी केंद्राच्या दारात अंघोळ करेन. हे ज्याला कळत नाही त्याने कसली मुळं शोधायची? इथे मुळं म्हणजे हेच आहे. कॅनडात मुलांना काय शिकवतात ते मला नको सांगू, मला दिसलं. तोंडावर स्वतःचा मोठेपणा सांगायचा आणि वर पळायचे बूट. मी वर्गातल्या इतरांना सुचवून बघितलं की माझ्या वतीने कोणीतरी बोलावं. एकजण म्हणाली, अहो मी काय बोलणार, माझ्यापेक्षा तमुक चांगलं बोलेल. तमुक म्हणाली, छे, कुठलं काय, क्वान चांगलं बोलतील. क्वान म्हणाले, माझ्यापेक्षा शेजाऱ्याचा कुत्रा चांगलं बोलेल. असं ते सगळ्या वर्गातून फिरून परत माझ्याकडे आलं.

शुक्रवारी मी नेहमीच्या चहाघरात नेहमीच्या टेबलावर बसले. यिपबाई येणार नाहीत असा माझा हिशोब होता. आल्या. दुसरं टेबल रिकामं नव्हतं, आणि असतं तरी त्या तिथे बसल्या नसत्या, निर्लज्जपणा अंगात आला की तो पूर्णच येतो. मी किटली उचलली आणि आधी माझा पेला भरला. त्यांचा भरलाच नाही. ताई, मी आयुष्यात असं कोणाशी केलेलं नाही, साहेबांशीही नाही. यिपबाईंनी रिकाम्या पेल्याशेजारी दोन बोटं टेबलावर टकटक वाजवली, चहा ओतल्याबद्दल आभार मानावेत तशी. मग स्वतःच ओतून घेतला. कोळंबीच्या उकडलेल्या करंज्या आल्या. 

मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, माझं मनगटही धरलं नाही. "मिस लाउ, आपली किती वर्षांची ओळख. तुम्ही मला म्हणायचात, तुमचं सूप माझ्यापेक्षा चांगलं, तुमचा मुलगा माझ्या भाच्यापेक्षा हुशार, तुमचा रंग माझ्यापेक्षा उजळ. तुम्ही देत आलात आणि दर खेपेला मी छे, कुठलं काय म्हणून परत केलं. एकसुद्धा कधी घरी नेलं नाही. मंगळवारी वाटलं, एक ठेवून घेऊ."

"ते ठेवून घेण्यासाठी नसतं," मी म्हणाले.

"मग देता कशाला?"

माझ्या तोंडात करंजी होती, म्हणून मी उत्तर दिलं नाही. नाहीतर दिलं असतं. उत्तर अजून तयार झालेलं नाही, पण झालं की तुला कळवीन. यिपबाई म्हणाल्या की नवरा जिवंत असताना म्हणायचा, दुकानात उभं राहून हात भरून अत्तर विकतेस पण तुला येत काहीच नाही. त्याला मी आता काय दाखवणार, पण वरून बघत असला तर बघू दे. हे सगळं त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं, त्यामुळे नवरा भूतकाळात होता. मी बिलासाठी हात वर केला. त्यांनी माझा हात खाली ओढला, मी त्यांचा, आणि वेटरने कंटाळून बिल मधोमध ठेवलं. म्हणजे ही रीत तेवढी त्यांना अजून येते.

काल, रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून येऊन मी चपला बदलत होते तेव्हा बेल वाजली. दारात यिपबाई, हातात सुपाचा थर्मास. चेहरा सुजलेला, रात्रभर झोप नसावी. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस लाउ, मी खूप विचार केला. भाषण तुम्हीच करा. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे."

ताई, मी शपथेवर सांगते, मला हो म्हणायचं होतं. हो माझ्या घशापर्यंत आलं होतं. पण तोंडाला पंच्याहत्तर वर्षांची सवय. माझं तोंड म्हणालं, "छे, कुठलं काय."

आता तू किंवा मी किंवा कोणीही घरंदाज बाई असती तर तिने दुसऱ्यांदा आग्रह केला असता. मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं असतं. तिसऱ्यांदा तिने म्हटलं असतं, असं काय करता, आणि मी निरुपायाने, केवळ तिचं मन राखण्यासाठी, हो म्हटलं असतं. हे जगाच्या आरंभापासून असंच चाललं आहे. यिपबाईंनी माझ्याकडे बघितलं, 'बरं' म्हणाल्या, थर्मास माझ्या हातात दिला आणि लिफ्टचं बटण दाबलं. आमच्या इमारतीची लिफ्ट यायला एरवी इतका वेळ लागतो की लोक तिची वाट बघताना भाजी निवडतात. काल ती दारातच उभी होती. मी घरातल्या सपाता घालून मागे धावणार का? धावून काय सांगणार? की मी खरंच चांगली आहे, तुम्ही नीट ऐकलं नाही? दार बंद झालं. एका महिन्यात केल्विनने या बाईचं असं वाटोळं केलं की आता तिला जे म्हटलं ते खरं वाटतं.

सूप चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं असं मी म्हणणार नाही, ते वाक्य मी आता घरात वापरत नाही.

तेव्हा आता मुद्द्यावर येते. केंद्राच्या प्रमुख तोंगबाई यांना तू एक पत्र लिहावंस. इंग्रजीत. त्यात म्हणावंस की तू सिस्टर कोलंबांची सर्वांत आवडती विद्यार्थिनी, आणि तुझ्या जबाबदार मतानुसार फिलोमिनाचं इंग्रजी मिसेस यिप यांच्यापेक्षा चांगलं आहे. मला माहीत आहे, सख्ख्या बहिणीची स्तुती बहिणीने करणं बरं दिसत नाही, आपली आई असती तर दोघींना घराबाहेर उभं केलं असतं. म्हणून तर इंग्रजीत. त्या भाषेत घरच्यांची स्तुती चालते, तुमच्याकडे तर तसं छापलेले कॉफीचे मग मिळतात. पत्र टाइप केलेलं असावं. फोन करू नकोस, फोनवर तू नुसती हसतेस. मला लेखी हवं.

भाऊजींना नमस्कार. सुनेला सालीचं सांग.

तुझी धाकटी,
फिलोमिना

ता.क. : तोंगबाईंना सिस्टर कोलंबांनी पत्रात विचारलं आहे म्हणे, की ॲग्नेस टोरांटोहून येऊ शकेल का. तोंगबाईंनी तुझा पत्ता माझ्याकडे मागितला. मी सांगितलं, तिचा गुडघा फार वाईट आहे, विमानात बसवत नाही. तेव्हा कृपा करून गुडघा निदान २४ नोव्हेंबरपर्यंत वाईट ठेव. बरा झाला असला तर कोणाला सांगू नकोस.

आणखी एक : यिपबाई आत्ता येऊन गेल्या. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं, मी तपासून द्यावं म्हणून. सगळा वर्तमानकाळ. सिस्टर येतात, आम्ही लहान असतो, सिस्टर आम्हाला शिकवतात. (त्यांना सिस्टरनी कधीच शिकवलेलं नाही, त्या सरकारी शाळेतल्या.) मी लाल पेन उघडलं आणि मग बंद केलं. दोन स्वल्पविराम घातले, तेवढंच. म्हातारीला सगळे अजून लहान आहेत असं ऐकायला आवडेल कदाचित. शेवटी त्यांनी एक वाक्य घातलं आहे, की हे भाषण मिस लाउ यांनी मला शिकवलं, त्या तिथे तिसऱ्या खुर्चीवर बसल्या आहेत. मी म्हटलं, हे काढा. त्या म्हणाल्या, बरं. आणि काढलं नाही.

शेवटचं : तेव्हा तोंगबाईंना पत्र पाठवू नकोस. त्याऐवजी ते मला पाठव, आणि यिपबाईंना त्यातून काढ. एकच वाक्य हवं, तुझ्या हस्ताक्षरात. आधी माझं नाव, मग ते दोन शब्द, मग तुझं नाव. कशाबद्दल ते तू ठरव. इंग्रजी म्हण, पेज म्हण, गुडघे म्हटलंस तरी चालेल. खरं असलं पाहिजे असं नाही. शनिवार, १६ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत इथे पोचलं पाहिजे. त्या वेळी तुमच्याकडे शुक्रवारची रात्र असेल, ही सबब मी ऐकणार नाही. आणि लेखीच.